रात्रीची ती ‘घूं’: कुठून येते हे नंतर, कधी थांबते हे आधी

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. माझ्या समजण्यात चूक असेल तर ती लगेच दिसावी म्हणून आधी तोच थोडक्यात परत मांडतो. तुम्ही पुण्यात एका सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहता. गेले सात महिने रात्री साडेदहा-अकरानंतर, रस्ता शांत झाला की, लांब कुठेतरी ट्रक इंजिन चालू ठेवून उभा असावा तसा घूं आवाज येतो. बेडरूममध्ये जास्त, हॉलमध्ये कमी, गॅलरीत गेलं की जवळजवळ नाहीच. यजमानांना आणि मुलाला तो ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासून ‘कान उत्तम आहेत’ म्हणून सांगितलं. मोबाइलवरच्या अ‍ॅपने ३१ डेसिबल दाखवलं. सेक्रेटरी म्हणाले, ‘सगळे पंप रात्री बंद असतात, तुम्हाला भास होत असेल.’ कानात कापूस घालून पाहिला तर आवाज उलट वाढल्यासारखा वाटला. आणि शेवटी तुम्ही विचारलंय: मला वेड लागतंय का, आणि फ्लॅट विकून टाकावा का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. दुसऱ्याचं, आत्ता तरी नाही. मी बावीस वर्षं आवाज आणि कंपनं मोजायचं काम करतोय. आधी पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या टेस्टिंग विभागात, नंतर स्वतंत्रपणे. अशा तक्रारीचा फोन आला की समोरचं माणूस बहुतेक वेळा ‘मला वेडं समजू नका’ इथूनच सुरुवात करतं. आणि वर्णनही तेच असतं, लांब उभा असलेला ट्रक. तुम्ही ज्या शब्दांत लिहिलंय त्याच शब्दांत अमेरिकेतली आणि इंग्लंडमधली माणसंही हा आवाज सांगतात. तुमची तक्रार ओळखीची आहे, आणि तिच्यावर काम करता येतं.

आता मूळ अडचण. तुम्ही सात महिने ‘हा आवाज कुठून येतोय’ हे शोधताय. भिंतीला कान लावून झाला, ड्रेनेजच्या डक्टमध्ये डोकावून झालं, रात्री दोन वाजता जिन्यातून खाली जाऊन आलात. हाती काही लागलं नाही, आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. खालच्या पट्टीच्या आवाजाची दिशा बंद घरात कानाला कळतच नाही. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या, आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, म्हणजे तुमच्या बेडरूमपेक्षा मोठी. ती भिंतींवरून उलटसुलट परतते, खोलीभर भरून राहते, आणि चारही बाजूंनी एकदम येतेय असं वाटतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगतो: ‘कुठून’ हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. ‘कधी थांबतो’ हे शोधा. यंत्र असेल तर ते कधी ना कधी थांबतंच. ते थांबण्याची वेळ हाती आली की ठिकाण आपोआप हाती येतं.

त्या आधी, घरच्यांना का ऐकू येत नाही आणि अ‍ॅपला का दिसत नाही ते सांगतो, कारण तुम्हाला सर्वांत जास्त त्रास त्याचा झालेला दिसतो. माणसाचा कान खालच्या पट्टीला बराच मठ्ठ असतो. १००० हर्ट्झचा सूर दोन-अडीच डेसिबललाच ऐकू येतो. ५० हर्ट्झचा सूर ऐकू यायला सरासरी ४४ डेसिबल लागतात. पण ही सरासरी झाली. दोन निरोगी माणसांच्या या उंबरठ्यात दहा डेसिबलचा फरक सहज असतो. शिवाय खालच्या पट्टीत उंबरठा ओलांडला की पुढे आवाज फार झपाट्याने मोठा वाटायला लागतो. त्यामुळे एकाच गादीवर झोपलेल्या दोघांपैकी एकाला काहीच नाही आणि दुसऱ्याला झोप येऊ नये इतका आवाज, हे अगदी शक्य आहे. यजमान खोटं बोलत नाहीत, आणि तुम्हीही नाही.

आता त्या ३१ डेसिबलचं. ही अ‍ॅप आणि बाजारातले साधे मीटर ‘डीबीए’ या मापात मोजतात. त्यात कानाच्या मठ्ठपणाची नक्कल म्हणून खालच्या पट्टीतून वजावट केलेली असते: १०० हर्ट्झला १९ डेसिबल, ५० हर्ट्झला तब्बल ३०. म्हणजे खोलीत खरोखर ५५ डेसिबलचा ५० हर्ट्झचा सूर असेल, जो तुम्हाला स्वच्छ ऐकू येईल, तर डीबीएच्या खात्यात तो २५ म्हणून जमा होतो. घड्याळाची टिकटिक आणि फ्रिज धरून ३१ दाखवणाऱ्या मीटरमध्ये तो दिसणारच नाही. त्यातून मोबाइलचा माइक वाऱ्याची आणि हाताळण्याची खरखर टाळण्यासाठी खालची पट्टी आणखी कापतो. त्या आकड्यावरून ‘आवाज नाही’ असं कुणी म्हणत असेल तर मनाला लावून घेऊ नका.

डॉक्टरांच्या तपासणीचंही तसंच. नेहमीचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी, २५० हर्ट्झपासून वर केला जातो. तुमचा त्रास त्याच्या खालचा आहे. रिपोर्ट खरा आहे, पण या प्रश्नाबद्दल त्याला काही म्हणायचं नाही.

बेडरूममध्ये जास्त आणि हॉलमध्ये कमी, यालाही कारण आहे, आणि इथे जरा थांबतो, कारण याचा तुम्हाला आज रात्रीच उपयोग होईल. समोरासमोरच्या दोन भिंतींत जेवढं अंतर असेल त्याच्या दुप्पट लांबीची लाट त्या खोलीत घुमते. बारा फुटांची खोली म्हणजे ३.६६ मीटर, तिचा स्वतःचा सूर येतो साधारण ४७ हर्ट्झ. इमारतीतले बरेचसे पाण्याचे पंप मिनिटाला २८८०च्या आसपास फिरतात, म्हणजे सेकंदाला ४८ वेळा. बारा फुटांची बेडरूम या पंपाची घूं उचलून धरते. त्यातही गंमत अशी की अशा घुमण्यात आवाज भिंतीजवळ सर्वांत मोठा असतो आणि दोन भिंतींच्या मध्यावर सर्वांत कमी. आपण पलंग कसा लावतो? उशाकडची बाजू भिंतीला चिकटवून, बहुधा कोपऱ्यात. म्हणजे डोकं नेमकं जिथे आवाज जास्त तिथेच. आज रात्री उशाकडून पायथ्याकडे खोलीत हळूहळू चालून पहा. मध्ये आल्यावर आवाज पडला आणि समोरच्या भिंतीजवळ पुन्हा चढला, तर खोलीत खरा आवाज आहे याचा तो फार चांगला पुरावा. डोक्यातला आवाज खोलीच्या मापाप्रमाणे कमी-जास्त होत नाही.

गॅलरीत तो येत नाही, यावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. गॅलरीत रस्त्याची बारीक सळसळ असते, तिच्याखाली तो झाकला जातो. तुम्ही खिडक्या घट्ट लावता तेव्हा तो वाढतो, तो यामुळेच. काच बारीक आवाज अडवते, जाड आवाज फारसा अडवत नाही. झाकण निघतं आणि घूं उघडी पडते. कापसाचंही हेच.

इथून पुढे दोन वाटा आहेत आणि दूर बसून मी त्यातली तुमची कुठली हे सांगू शकत नाही. एक, आवाज बाहेरून येतोय: पंप, ब्लोअर, ट्रान्सफॉर्मर, शेजारच्या इमारतीतलं काही. दोन, आवाज श्रवणयंत्रणेतच तयार होतोय, ज्याला टिनिटस म्हणतात, आणि टिनिटस म्हणजे शिट्टीच असं काही नाही, तो खर्जातलाही असतो. तुमच्या वर्णनावरून माझा कल पहिल्या वाटेकडे आहे. पण कल म्हणजे निदान नाही.

तेव्हा आजपासून एक वही करा. उशाशी ठेवा. आवाज आला की वेळ, गेला की वेळ, सलग आहे की चढ-उतार होतोय, आणि शेजारी एकच खूण: मोठा, मध्यम, बारीक. दोन आठवडे. रात्रभर जागून नाही. झोपताना, जाग आली तर, आणि सकाळी उठल्यावर. दिवसा बाजूला ठेवा. ही वही मला मीटरपेक्षा जास्त सांगते. वीस सेकंद चालू, तीन मिनिटं बंद, पुन्हा वीस सेकंद, असं दिसलं तर तो बहुतेक प्रेशर पंप. त्याच्या टाकीतली हवा कमी झाली किंवा कुणाचा तरी फ्लश गळत असला की तो रात्रभर असा उठबस करत राहतो. सलग आवाज दर दोन सेकंदांनी फुगतो आणि ओसरतो, तर दोन यंत्रं जवळजवळ सारख्या वेगाने चालताहेत, एक ४८.० आणि दुसरं ४८.५ असलं की त्यांच्यातला अर्ध्या हर्ट्झचा फरक असा श्वास घेतल्यासारखा ऐकू येतो. सूर हळूच वर-खाली सरकत असेल तर वेग बदलणारा पंप. दिवसरात्र सारखा, पण रात्रीच जाणवणारा असेल तर सांडपाणी प्रकल्पाचा, म्हणजे एसटीपीचा हवा सोडणारा ब्लोअर किंवा ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मरचा सूर १०० हर्ट्झ असतो, आणि उशिरा रात्री लोड उतरून व्होल्टेज चढलं की तो थोडा वाढतोही.

वहीबरोबर दोन परीक्षा. पहिली, घरातला मेन स्विच. रात्री आवाज चालू असताना यजमानांना मेन बंद करायला सांगा, आणि इन्व्हर्टर असेल तर तोही त्याच्या बटणाने बंद करा, कारण चार्ज होणारा इन्व्हर्टर स्वतःच १०० हर्ट्झचा घूं करतो. फ्रिज, वॉटर प्युरिफायर, शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलेला सेट-टॉप बॉक्स, सगळं एकदम शांत होईल. आवाज गेला तर चोर घरातच. मी एकदा दोन रात्री मोठी उपकरणं लावून बसलो होतो आणि शेवटी तो फ्रिज निघाला. त्याचा मागचा पाय उचलला गेला होता आणि त्याचं अंग भिंतीला टेकलं होतं. तेव्हापासून मी मेनपासूनच सुरुवात करतो.

दुसरी परीक्षा आपल्याला महावितरण फुकट देते. वीज जाते तेव्हा सोसायटीचा जनरेटर लगेच लागत नाही, मध्ये काही सेकंद जातात. त्या सेकंदांत काय होतं? मला या कामात दुसरं कशाचं एवढं मोल वाटत नाही. पंखे मंदावतात, फ्रिज थांबतो, आणि सगळी इमारत दम धरल्यासारखी होते. तेव्हा घूं पूर्ण थांबली तर ती तुमच्या फीडरवरच्या, म्हणजे तुमच्या भागाला वीज देणाऱ्या लाइनवरच्या, कुठल्यातरी यंत्राची आहे. थांबली नाही तर यंत्र दुसऱ्या फीडरवर आहे किंवा आवाज आतला आहे. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवतात ती दिवसा, तेव्हा रस्त्याचा आवाज असतो. तरीही मधल्या खोलीत दार लावून ऐकून बघा. खरी संधी रात्रीच्या बिघाडाची. ती आली की उठून बसायचं आणि ऐकायचं.

मोबाइल निरुपयोगी आहे असंही नाही. डेसिबलचा आकडा सोडून द्या, पण स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातले वेगवेगळे सूर आलेखावर, दाखवणारं फुकटचं अ‍ॅप घ्या. आवाज किती, हे मोबाइलला नीट कळत नाही. कुठल्या सुराचा, हे बऱ्यापैकी कळतं. चार्जर काढून ठेवा, नाहीतर विजेचा सूरच आवाज म्हणून दिसायचा. फोन भिंतीजवळच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवून पाच मिनिटं राहू द्या. नेमकं १०० वर टोक असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या जातीचं काहीतरी. ४८च्या आसपास, ५० पेक्षा जरासं कमी, असेल तर मोटर. मोटर कायम विजेच्या थोडी मागे पडून फिरते. २४ आणि त्याच्या पटी दिसल्या तर १४४० फेऱ्यांची मोटर. काहीच टोक दिसलं नाही तर हताश होऊ नका. माइक तिथवर पोचला नसेल एवढाच त्याचा अर्थ.

आता तुमच्या सेक्रेटरींचं ‘सगळे पंप बंद असतात’. ते खरंच बोलत असतील, पण एक प्रसंग सांगतो. अशाच एका सोसायटीत पाचव्या मजल्यावरच्या बाईंची तक्रार होती. कमिटीने माझ्यासमोर पंपरूमचं पॅनेल बंद केलं. घूं चालूच. सगळ्यांनी त्या बाईंकडे पाहिलं, आणि त्यांनी मान खाली घातली. मी बेडरूमच्या मागच्या डक्टचं दार उघडलं. आत तीन पाइप होते. लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक पाइपवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर. ही मेकॅनिक लोकांची जुनी रीत आहे, आणि पाइपासाठी ती आजही उत्तम आहे. फिरत्या भागाला किंवा विजेच्या वस्तूला मात्र कधीही असं करू नका. पाण्याचे दोन्ही पाइप गप्प होते. तिसरा, लाल रंगाचा, स्वच्छ घुमत होता. ती आगीच्या हायड्रंटची लाइन. तिच्यात दाब टिकवायला एक छोटा जॉकी पंप असतो, त्याचं पॅनेल वेगळं, आणि तो आहे हेच कमिटीला आठवत नव्हतं. गच्चीवरचा एक व्हॉल्व्ह गळत होता, दाब उतरत होता, आणि पंप रात्रभर तो भरून काढत होता. मी स्क्रू-ड्रायव्हर त्या बाईंच्या हातात दिला. त्यांनी ऐकलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, ‘हाच.’ व्हॉल्व्ह बदलला, पाइपाच्या क्लॅम्पमध्ये रबर घातलं, काम संपलं.

म्हणून सेक्रेटरींना ‘पंप बंद करा’ असं सांगू नका. इमारतीत मोटर असलेली प्रत्येक वस्तू मोजायला सांगा: वरच्या टाकीचा पंप, प्रेशर पंप, जॉकी, एसटीपीचा ब्लोअर, बेसमेंटचे पंखे, लिफ्ट, सोलरचा पंप, गच्चीवर मोबाइल टॉवर असेल तर त्याचे कूलिंग फॅन. आणि एकेक करून बंद करायला सांगा. ब्लोअर काही मिनिटं बंद राहिला तर प्रकल्पाला काही होत नाही. आगीच्या लाइनचा पंप मात्र फायरच्या माणसाला विचारूनच, आणि परत चालू केला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच.

संशयित सापडला की नाण्याची परीक्षा करा. ही मी प्रत्येक ठिकाणी करतो, कारण ती दोन्ही बाजूंना मान्य होते. शनिवारी रात्री अकराला वॉचमन पंपरूममध्ये, तुम्ही बेडरूममध्ये, फोन बंद. तो दर दोन मिनिटांनी नाणं उडवेल: छापा आला तर यंत्र चालू, काटा आला तर बंद, आणि कागदावर लिहील. तुम्ही तुमच्या कागदावर त्या त्या मिनिटाला ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहाल. आठ फेऱ्या. आठपैकी आठ जुळल्या तर तसं नशिबाने होण्याची शक्यता २५६ मध्ये एक. त्यानंतर भास हा शब्द कुणी उच्चारत नाही.

पण ही परीक्षा उलटही जाते, आणि तेही सांगायला हवं. एक निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या तक्रारी दोन वर्षांच्या, फाइल दोन बोटं जाडीची. आम्ही परीक्षा केली. आठपैकी चार जुळल्या, म्हणजे नुसत्या अंदाजाने जुळतील तेवढ्याच. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले, मग घडी करून खिशात ठेवले. मी विचारलं, गावी गेल्यावर येतो का हो आवाज? म्हणाले, ‘येतो. मला वाटायचं तो कानात बसलाय म्हणून येतो.’ त्यांचा आवाज आतला होता. तो तितकाच खरा होता, त्यांची झोप तितकीच मोडत होती. फक्त इलाज पंपरूममध्ये नव्हता. ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले, पुढे ऑडिओलॉजिस्टकडे. आवाज पूर्ण गेला नाही. पण भांडण संपल्यावर त्यांना झोप लागायला लागली, असं त्यांनी स्वतः फोन करून कळवलं.

म्हणून तुम्हालाही विचारतो: शांत खेड्यात, वेगळ्या घरात, सलग दोन रात्री तरी राहून पाहिलंत का? तिथेही हुबेहूब तोच आवाज आला तर आतला असण्याची शक्यता बरीच वाढते. आवाज हृदयाच्या ठोक्याबरोबर येत असेल, एकाच कानात असेल, सोबत चक्कर किंवा कान भरल्यासारखं वाटत असेल, तर माझी वही-बिही बाजूला ठेवून आधी डॉक्टर. ऐकू येणं अचानक कमी झालं तर त्याच दिवशी.

जगात या दोन्ही वाटांची मोठी उदाहरणं झाली आहेत. कॅनडातल्या विंडसर शहरात २०११च्या सुमारास लोकांना घूं जाणवायला लागली. काहींना येई, काहींना नाही. तिथल्या विद्यापीठाने २०१४ मध्ये बोट दाखवलं ते नदीपलीकडच्या, अमेरिकेच्या हद्दीतल्या झग बेटावरच्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांकडे. एप्रिल २०२० मध्ये भट्ट्या थांबल्या आणि घूं थांबली. तिथेही उत्तर ‘कधी थांबते’ यातूनच पक्कं झालं. उलट न्यू मेक्सिकोतल्या ताओसमध्ये १९९३ मध्ये शास्त्रज्ञांनी उपकरणं लावून शोध घेतला. पाहणीत सुमारे दोन टक्के लोकांनी आवाज ऐकू येतो म्हणून सांगितलं, पण यंत्रांना बाहेर काही सापडलं नाही. आणि इंडियानातल्या कोकोमोत २००३ मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र निघाल्या. एका कारखान्याच्या पंख्याचा ३६ हर्ट्झचा सूर आणि दुसऱ्याच्या कंप्रेसरचा १० हर्ट्झचा सापडला, दोन्ही दुरुस्त केले, तरी काही लोकांना तो येतच राहिला. एकाच गावात काहींचा आवाज बाहेरचा आणि काहींचा आतला असू शकतो. त्यातल्या कुणालाही खोटं पाडायची गरज नसते.

समजा तुमचा पंप निघाला. मग सोसायटी लगेच म्हणेल, ‘रबर पॅड टाकतो.’ इथे लक्ष द्या, कारण बहुतेक ठिकाणी इथेच पैसे वाया जातात. रबर काम करतं ते दबल्यावर. पंपाच्या वजनाने ते किती मिलिमीटर बसतं त्यावर सगळं अवलंबून आहे. हलका पंप आणि टणक पॅड असला की ते जेमतेम ०.२ मिलिमीटर बसतं. तेव्हा त्या पॅडवर पंपाची स्वतःची डोलण्याची गती येते साधारण ३५ हर्ट्झ, आणि ४८ हर्ट्झचा पंप तिच्या इतका जवळ असतो की कंपन कमी होण्याऐवजी थोडं वाढतंच. एक मिलिमीटर बसलं तर गती १६ हर्ट्झवर येते आणि चांगला फरक पडतो. पंचवीस मिलिमीटर बसणारी स्प्रिंग असेल तर ती तीनवर येते, आणि मग काही उरत नाही. आणि पंपाखाली कितीही चांगलं दिलं तरी पाइप स्लॅबला लोखंडी क्लॅम्पने आवळलेला असेल तर कंपन त्याच वाटेने वर येतं. पंपाला लागून रबर बेलो (पाइपातला लवचीक रबरी जोड), पुढच्या क्लॅम्पमध्ये रबर, स्लॅबमधून पाइप जातो तिथलं सिमेंट काढून मऊ भरण. हे तीनही करून घ्या.

कायद्याच्या धाकाने सुरुवात करू नका. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागाला रात्री दहा ते सहा ४५ डीबीए अशी मर्यादा आहे, आणि ती दहाने ओलांडली तर तक्रार करता येते. तुमचा ३१ त्याच्या खूप खाली. नियम डीबीएत असल्यामुळे खर्जातला त्रास त्यात सापडतच नाही. याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. इंग्लंडमध्ये सॅलफर्ड विद्यापीठाने २००५ मध्ये घरातल्या खर्जासाठी वेगळी कसोटी तयार करून दिली. तिच्यात वजावट न करता ५० हर्ट्झच्या पट्टीत ४३ डेसिबल आणि १०० हर्ट्झच्या पट्टीत ३८ धरले आहेत. आपल्याकडे मोजायला कुणाला बोलावलंत तर त्याला सांगा: डीबीए नको, एक-तृतीयांश सप्तकाच्या पट्ट्यांत, वजावटीशिवाय, रात्री, खोलीच्या कोपऱ्यात मोज. हे वाक्य ऐकून तो गोंधळला तर दुसरा माणूस बघा.

हे सगळं होईपर्यंतच्या रात्रींचं काय? कापूस आणि इअरप्लग बंद करा. भिंतीला लावायचा फोम, जाड पडदे यांवर खर्च करू नका, त्यांनी ५० हर्ट्झला काही होत नाही. पलंग भिंतीपासून तीनेक फूट पुढे ओढा, किंवा डोकं-पाय उलटे करून पहा. खिडकी चार बोटं उघडी ठेवा, पंखा चालू ठेवा, हवा नको असेल तर त्याचं तोंड दुसरीकडे. हॉलमध्ये गादी टाकून झोप लागत असेल तर खुशाल झोपा, त्यात हार नाही. आणि रात्री दोन वाजताचं शोधणं थांबवा. जो आवाज आपण कान देऊन शोधतो, त्याच्यासाठी मेंदू आपली आवाज वाढवायची कळ आणखी वर करत जातो. सात महिन्यांत तुमची ती बरीच वर गेली असणार. वहीत एक ओळ लिहायची, वही मिटायची, बाकीचं सकाळी.

यजमानांना माझा एक निरोप द्या. ‘मला ऐकू येत नाही’ हे त्यांनी आता सांगू नये, ते तुम्हाला माहीत आहे. त्यांनी मेन स्विचपाशी उभं राहावं आणि शनिवारी वॉचमनबरोबर नाणं उडवायला खाली जावं. यात न ऐकू येणारा माणूसच जास्त कामाचा, कारण त्याच्याकडून नकळत खूण दिली जात नाही.

दोन आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. चार गोष्टी हव्यात: बेडरूमची लांबी-रुंदी फुटांत, खोलीच्या मध्यावर आवाज पडतो का, तो सलग आहे की फुगतो-ओसरतो, आणि वहीतली ‘गेला’ या रकान्यातली वेळांची यादी. ती यादी कोरी असली तरी पाठवा, त्यावरूनही पुढचं सांगता येईल.